पडद्यावरचं वऱ्हाड : ७ — परतवाड्याचा माणूस, मुंबईचं 'सिंहासन'

मागच्या भागात 'फिल्म न्वार' हा शब्द मी न समजावताच वापरून टाकला. त्याचा हिशेब चांदूर रेल्वेच्या स्टेशनाबाहेर चहा पिताना द्यावा लागला. "हे न्वार म्हंजे काय भाऊ? बाजेची नवार काय?" ओळखीच्या एका काकांनी विचारलं आणि अख्खी टपरी हसली.

न्वार म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. १९४६ च्या सुमारास फ्रेंच समीक्षकांनी अमेरिकेतून आलेल्या काही चित्रपटांना हे नाव दिलं. रात्रीचं शहर, चेहऱ्यांवर सावल्या, आणि ज्याच्यावर भिस्त ठेवावी तोच दगा देणार. या काळोखात राजकारण उतरलेलं दिसतं ते रॉबर्ट रॉसनच्या 'ऑल द किंग्ज मेन'मध्ये (१९४९). गावातला साधा माणूस गव्हर्नर होतो आणि सडत जातो. ते सगळं आपल्याला एका पत्रकाराच्या नजरेतून दिसतं. हा पत्रकार ध्यानात ठेवा.

आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळ जातो तो डॉ. जब्बार पटेलांचा 'सिंहासन'. साल १९७९. रंगीत चित्रपटांचा जमाना असूनही हा कृष्णधवल. मुख्यमंत्री जिवाजीरावांना (अरुण सरनाईक) निनावी फोन येतो की तुमची खुर्ची ओढायचा कट शिजतोय. कट अर्थमंत्री विश्वासराव दाभाड्यांचा. मग बंगले, कामगारपुढारी, तस्करीचं जग, आणि या सगळ्यांत ये-जा असलेला एक बातमीदार, दिगू टिपणीस.

पटकथा विजय तेंडुलकरांची. तेही वर्तमानपत्रातूनच आलेले. मूळ मजकूर मात्र अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांचा. साधू आपल्या अमरावती जिल्ह्यातले, जन्म परतवाड्याचा, १९४१ चा. चित्रपटातल्या गाण्याचे शब्द सुरेश भटांचे; ते तर अमरावतीचेच. म्हणजे मुंबईच्या सत्तेवरचा सगळ्यात कडू चित्रपट निम्मा वऱ्हाडातून गेलाय, असं म्हणायला हरकत नाही. (मुंबईकर मान्य करणार नाहीत. न करोत.)

खरी मेख पात्रयोजनेत आहे. जब्बार-तेंडुलकर जोडीनं आधी 'सामना' केला होता. त्यात निळू फुले साखरसम्राट हिंदुराव, आणि डॉ. श्रीराम लागू मारुती कांबळेचा छडा लावायला निघालेला दारुडा मास्तर. 'सिंहासन'मध्ये पाट बदलले. लागू झाले सत्तेला हपापलेले दाभाडे, आणि ज्याला पडद्यावर बघून बायाबापड्या बोटं मोडायच्या तो निळू फुले झाला बातमीदार. फुल्यांनी इथं आवाज चढवलेला नाही. ते दारात उभे राहतात, ऐकतात, मान हलवतात. मंत्री त्यांच्यासमोर मोकळेपणानं बोलतात, कारण त्यांना ठाऊक आहे की यातलं बरंच काही छापून येणार नाही.

काळाचा योगही विलक्षण. 'सिंहासन' कादंबरी १९७७ ची. जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांचं सरकार खरंच पडलं आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. चित्रपटासाठी सरकारी इमारतींत चित्रीकरणाची परवानगी मिळाली, तीही पवारांच्याच कारकिर्दीत!

शेवटी जिवाजीराव खुर्ची राखतात आणि दिगू रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा हा शेवट मला भडक वाटला होता. एवढा मुरलेला बातमीदार एका राजकीय खेळीनं कोलमडेल? आता वाटतं, तो त्या एका खेळीनं कोलमडत नाही. दारादारांत उभं राहून वर्षानुवर्षं ऐकलेलं सगळं एकदम बाहेर येतं, आणि ते बातमीत मावत नाही म्हणून हसण्यातून येतं.

काकांना ही गोष्ट सांगून झाली तेव्हा चहा निवला होता. ते म्हणाले, "सगळं माईत होतं त्याले. मंग छापलं काऊन नाई?"

त्यासाठी 'मुंबई दिनांक'कडे जावं लागेल. पुढच्या आठवड्यात तिकडे.