धातुकामाची दोन नगरे : ताकाओका आणि भंडारा

प्रस्तावना :
नगराची ओळख केवळ लोकसंख्येवर ठरत नाही. पिढ्यानपिढ्या जोपासलेले कौशल्य हीदेखील त्याची ओळख असते. भंडारा ‘पितळी नगरी’ म्हणून ओळखले जाते. जपानमधील ताकाओका हे मध्यम आकाराचे नगर ओतीव धातुकामासाठी प्रसिद्ध आहे. प्रस्तुत लेखात ताकाओकाचा परिचय करून देऊन भंडाऱ्याच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

ताकाओकाची जडणघडण :
तोयामा प्रांतातील या नगराची लोकसंख्या २०२० मध्ये सुमारे १ लाख ६६ हजार होती. कागा संस्थानाचे निवृत्त अधिपती माएदा तोशिनागा यांनी १६०९ मध्ये येथे किल्ला बांधला व १६११ मध्ये सात ओतारी बोलावून त्यांना कानायामाची या पेठेत वसविले. १६१४ मध्ये तोशिनागांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी राजाज्ञेने किल्ला मोडीत निघाला. किल्ल्याच्या आश्रयाने वसलेले नगर ओस पडण्याची वेळ आली. परंतु व्यापार आणि ओतकाम यांनी ते तारले. प्रारंभी लोखंडी भांडी व शेतीची अवजारे, पुढे तांब्याच्या मिश्रधातूंची पूजापात्रे व फुलदाण्या येथे घडू लागल्या. १९३३ मध्ये पूर्ण झालेली भव्य बुद्धमूर्ती याच कौशल्याची साक्ष देते. १९७५ मध्ये या कलेस राष्ट्रीय पारंपरिक हस्तोद्योगाचा दर्जा मिळाला.

१९९० नंतर मात्र मागणी घटली. यावर ताकाओकाने योजलेला एक उपाय शैक्षणिक आहे. २००६ पासून तेथील शाळांत वस्तुनिर्मिती व अभिकल्प हा विषय शिकविला जातो आणि विद्यार्थी स्थानिक कारागिरांकडून धडे घेतात.

भंडाऱ्याची स्थिती :
वैनगंगेकाठच्या भंडाऱ्यात १८६७ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार नगराची लोकसंख्या ९१,८४५ होती. ‘भाणा’ म्हणजे पितळेचे ताट, या शब्दाशी नगराच्या नावाचा संबंध जोडला जातो. येथील कासारांनी घडविलेले गुंड, गंज, पराती विदर्भातील स्वयंपाकघरांत व लग्नाच्या आंदणात मानाने विराजमान होत. स्टेनलेस स्टील, अ‍ॅल्युमिनियम व प्लास्टिक आल्यावर ही मागणी ओसरली. भांड्याबरोबर ते घडविण्याचे ज्ञानही मागे पडत आहे. पत्रा किती तापवावा, ठोका कोठे द्यावा, हे ज्ञान कारागिराच्या हातात असते. ते ग्रंथात नसते.

निष्कर्ष :
ताकाओकाला राजाश्रय लाभला होता, त्यामुळे दोन्ही नगरांची तुलना सर्वांगाने होऊ शकत नाही. तथापि आश्रय गेल्यावरही कौशल्य नगराला तारू शकते, मात्र ते पुढील पिढीला शिकवावे लागते, हा बोध स्पष्ट आहे. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांना यात निश्चित कार्य आहे. मराठी विभागाने कासारांची व्यवसायशब्दावली संकलित करावी, रसायनशास्त्र विभागाने मिश्रधातूंचा अभ्यास करावा, तर अर्थशास्त्र विभागाने बाजारपेठेचा वेध घ्यावा. जुने कारागीर आपल्यात आहेत तोवरच हे शक्य आहे.