वीज गेल्यावरचा रेडिओ

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. बिघाड होता कळवा-पडघे या ४०० केव्ही वाहिन्यांवर, आणि पडघे म्हणजे शहापूरच्या शेजारच्या भिवंडी तालुक्यातले गाव. महानगरासाठी ती मोठी बातमी ठरली. शहापूर-मुरबाड पट्ट्यात मात्र भर पावसाळ्यात वीज जाण्याचे कोणाला नवल वाटत नाही. तारेवर एक फांदी पडली तरी गाव अंधारात जाते. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात. त्या उतरल्या आणि डिझेल पोचले नाही, की फोनही मुके होतात.

अशा वेळी हॅम रेडिओ, म्हणजेच हौशी रेडिओ, उपयोगी पडतो. त्याला टॉवर लागत नाही की इंटरनेट. २००१ च्या भूज भूकंपानंतर देशभरातल्या हॅमनी, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्यांनी, आपले संच घेऊन कच्छ गाठले होते. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवता येतो, आणि वयाची अट आहे फक्त बारा वर्षे पूर्ण असण्याची. शहापूर तालुक्यातल्या शेणव्यासारख्या गावाला सह्याद्रीचे डोंगर जवळ. हातातल्या व्हीएचएफ वॉकीटॉकीचा आवाज त्या डोंगरांना अडतो. ७ मेगाहर्ट्‌झच्या लहरी मात्र जवळजवळ सरळ वर सोडल्या, तर दिवसा आयनांबरावरून परावर्तित होऊन शे-दोनशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. डोंगर मग आडवा येत नाही.

प्रश्न उरतो तो विजेचा. आणि खरे सांगायचे तर, आणीबाणीच्या रेडिओ केंद्राची ताकद संचाच्या वॉटवर जोखणे चूक आहे. ती बॅटरीवर जोखावी.

१०० वॉटचा नेहमीचा संच नुसता ऐकत असताना साधारण एक अँपिअर घेतो. बोलताना आवाजाच्या चढावर तो वीसपर्यंत जातो, पण एसएसबी (सिंगल साइडबँड) पद्धतीत शब्दांमधल्या शांततेत भार उतरत असल्याने सरासरी आठच्या आसपास राहते. चौथा हिस्सा वेळ बोलण्यात आणि बाकीचा ऐकण्यात गेला, तर सरासरी पावणेतीन अँपिअर, म्हणजे दिवसाला ६६ अँपिअर-अवर. घरोघरी इन्व्हर्टरखाली दिसणारी ट्युब्युलर बॅटरी १५० अँपिअर-अवरची असते. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली वारंवार उतरवली तर तिचे आयुष्य घटते, म्हणून हाताशी धरायचे ७५. एक दिवस-रात्र निघाली! आपत्तीसाठीचे अर्धे केंद्र अशा अनेक घरांत आधीच येऊन बसले आहे.

मात्र रेडिओ इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावू नये. बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करायचे आणि ॲडॉप्टरने पुन्हा खाली आणायचे, यात दोनदा वीज वाया जाते. शिवाय इन्व्हर्टरच्या आत चाललेल्या स्विचिंगची खरखर अँटेनात शिरते आणि दूरचा क्षीण आवाज तिच्याखाली गाडला जातो. संच थेट बॅटरीला जोडावा, आणि फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपाशीच हवा. वायर घासून शॉर्ट झाली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते.

नव्या हॅमला हमखास चकवणारा दोष याच वायरीत असतो. संच १३.८ व्होल्टसाठी बनवलेला असतो आणि बरेच संच ११.७ व्होल्टपर्यंतच चालण्याची हमी देतात. अर्धी उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.२ दाखवते. ती पाच मीटरवर पडवीत ठेवली आणि चार चौरस मिलिमीटरची वायर ओढली, तर जाऊन-येऊन दहा मीटर तांब्यात वीस अँपिअरला सुमारे ०.९ व्होल्ट गळतात. संचाला मिळतात ११.३. ऐकू सगळे येते, पण बोलायला बटण दाबले की पडदा विझतो. लोक संच उघडून बसतात. उपाय असतो जाड आणि आखूड वायर. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी बराच वेळ १३ व्होल्टच्या आसपास टिकते, वजनालाही हलकी असते. पण ती महाग आहे, आणि तिला तिचाच चार्जर हवा.

बॅटरीपुढे उपग्रहाचेही चालत नाही. हौशी रेडिओसाठी इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेला ४२.५ किलोचा हॅमसॅट दोन वर्षांसाठी बनवला होता. तो नऊ वर्षे चालला. जुलै २०१४ मध्ये त्याचे काम संपले, ते लिथियम-आयन बॅटऱ्या निकामी झाल्यामुळे.

गावासाठी महागड्या लिथियम बॅटरीहून स्वस्त वाट आहे ती कमी वॉटची. हैदराबादचे अशर फरहान यांनी आराखडा केलेला बिटएक्स-४० हा सातेक वॉटचा संच ऐकताना अर्ध्या अँपिअरहूनही कमी घेतो. इन्व्हर्टरच्या त्याच बॅटरीवर तो चार-पाच दिवस सहज काढेल.

त्यापुढचे चार्जिंग सौर पॅनलवर सोडू नये. जुलैत इथे ढग दिवसेंदिवस हटत नाहीत आणि गरजही तेव्हाच असते. ट्रॅक्टरच्या किंवा जीपच्या अल्टरनेटरमधून १४ व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. त्यावर १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी भरते. त्यासाठीची जाड केबल, फ्यूज आणि क्लिपा जून लागण्याआधीच संचाच्या पेटीत असाव्यात, आणि एखाद्या संध्याकाळी मेन स्विच पाडून सारी जोडणी तपासून घ्यावी.