जयभीम घालून अंगठा नेणारे

मागच्या महिन्यात औसा न्यायालयाच्या आवारात एक आजी आमच्याकडे आल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, हातात चकचकीत कार्ड. वस्तीत एक तरुण आला, जयभीम घातला आणि म्हणाला, "आजी, सरकारचं पाच लाखांचं दवाखान्याचं कार्ड आलंय." त्याने आठशे रुपये घेतले आणि मशीनवर दोनदा अंगठा लावून घेतला. पुढे लातूरच्या रुग्णालयात आरोग्यमित्राने पाहिले तर आजींच्या नावाची नोंदच नव्हती. बँकेत गेल्या तर श्रावणबाळचा दोन महिन्यांचा पगारही खात्यातून उचललेला. दुसरा अंगठा कार्डासाठी नव्हताच. आधार जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर पैसे निघतात, त्याला ओटीपी लागत नाही.

चीड याची येते की आजींना विकले गेले ते त्यांच्याच हक्काचे होते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही, आधारवरचे वय पुरेसे आणि कार्ड फुकट. पण हे वस्तीत सांगायला कोण गेले? शासन गेले नाही आणि आम्ही कार्यकर्तेही गेलो नाही. ती रिकामी जागा भामट्याने भरली. वरचा कारभारही काही धड नाही. याच आयुष्मान योजनेतील सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाईल क्रमांकाला जोडलेले असल्याचे कॅगने २०२३ साली दाखवून दिले.

विमा हा राज्याचा एकाधिकार असावा, अशी मागणी बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये केली होती. ते मजूरमंत्री असतानाच प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखली आणि तिच्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. गरिबाचा आजार दलालाच्या हाती जाऊ नये, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

पेन्शनवाल्यांची फसवणूक वेगळी असते. "इर्डातून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय," असा फोन येतो. इर्डा विमा विकत नाही, बोनसही वाटत नाही. गळ्यात पॉलिसी पडलीच, तर ती हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. कंपनीने दाद दिली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जावे. तिथे फी नाही आणि आम्हा वकिलांना उभेही राहता येत नाही. तेवढाच तुमचा खर्च वाचला!

कार्ड काढायचेच तर रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे किंवा गावच्या आशाताईंमार्फत काढावे, सोबत घरचे शिकलेले माणूस असावे. खात्यातून पैसे गेले तर त्याच दिवशी १९३० ला फोन करावा आणि आधारचा अंगठा लॉक करून घ्यावा.

आजींनी अजून फिर्याद दिलेली नाही. न्याय संहितेचे कलम ३१८ सरळ लागते, अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. पण तो पोरगा त्यांच्या सोयऱ्यातला निघाला. "आपलाच हाय, कशाला ठाण्यात न्यायचं?" असे त्या म्हणतात. आपला म्हणूनच तर त्याला दार उघडले गेले. त्याच वस्तीतील आणखी चौघांनी त्याला अंगठा दिल्याचे आता कळते आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात बसणार आहोत. त्या सर्वांनी पासबुक भरून घेऊन यावे.