मुहूर्त सोडलेल्यांनी बाजारात मुहूर्त का शोधावा?

राधानगरी तालुक्यातील आपल्या वस्त्यांतून आता पगारदार मुले-मुली दिसू लागली आहेत. कोणी शिक्षक, कोणी एसटीत, कोणी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत. मोबाईलवर डिमॅट खाते उघडले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "वकीलसाहेब, आता घेऊ की बाजार पडल्यावर घेऊ?" 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आपण लग्नाचा मुहूर्त सोडला, घरभरणीचा सोडला. मग कष्टाच्या कमाईलाच मुहूर्त कशाला?

वेळ साधायची म्हणजे दोनदा अचूक ठरावे लागते : विकताना आणि पुन्हा घेताना. 2024 चा जून आठवा. 3 तारखेला एक्झिट पोलच्या भरवशावर सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी उसळला आणि 76 हजारांवर गेला. 4 तारखेला मतमोजणी सुरू होताच तो सुमारे 4,400 अंशांनी आपटला. 7 तारखेला पाहावे तर 3 तारखेच्याही वर! चार तारखेला घाबरून विकणाऱ्या नवख्याने काय करायचे? आपल्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरलेल्या पातळीला आले की उघडतात. ती पातळी मोजता येते, म्हणून भोगावतीकाठची माणसे वेळेत सावध होतात. बाजाराला अशी मोजपट्टी नाही.

बाबासाहेबांनी 1917 मध्ये विलायतेहून परतल्यावर, बडोद्याच्या नोकरीतला अपमान सोसून मुंबईत आल्यावर, शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देणारी कचेरी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरले आणि ती बंद पडली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाचा सल्ला जातीपायी नाकारणारा हा बाजार! आज मोबाईल जात विचारत नाही, हे खरे. पण आता कोणीही सोम्यागोम्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'टिप' विकतो आणि आपली मुले ती विकत घेतात. सेबीकडे नोंदणी नसताना पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देता येत नाही, एवढा कायदा तरी प्रत्येकाने पाठ करावा. नोंदणी क्रमांक मागितला की यातले निम्मे गप्प होतात.

वेळ साधण्याचे टोक म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्स. सेबीनेच 2024 मध्ये जाहीर केले की 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींहून अधिक. ज्याच्या मागे बापजाद्यांची जमीन आहे, तो असा फटका पचवील. आपल्या पहिल्या पिढीच्या पगारामागे काय आहे? सिगालोवाद सुत्तात तथागतांनी जुगार हे धननाशाचे एक द्वार सांगितले. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले : एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, चौथा आपत्तीसाठी राखून ठेवायचा. हा चौथा भाग बाजारात नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळ साधू नका, म्हणजे डोळे मिटून पैसे ओता असे नव्हे. 2008 च्या जानेवारीत 21 हजारांच्या घरात असलेला सेन्सेक्स 2009 च्या मार्चमध्ये 8,160 वर आला. ती जुनी पातळी कायमची मागे टाकायला 2014 उजाडावे लागले. एकरकमी टाकणारा तेवढी वर्षे अडकला. दरमहा ठरल्या तारखेला हप्ता भरणाऱ्याने पडत्या काळातही स्वस्तात युनिट घेतले, तेही कोणाला न विचारता. म्हणून आधी बचत गटाचे आणि खासगी फायनान्सचे कर्ज फेडा, सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत ठेवा. त्यानंतर जे उरेल, त्यातून निर्देशांकावर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात पगाराच्या दुसऱ्या दिवशी हप्ता जाऊ द्या. हजाराचा असला तरी चालेल. मुलीच्या पुढच्या वर्षीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे मात्र पोस्टातच राहू द्या.