मोजलेला डबा, न मोजणारं पोट

पॉल रोझिन हे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. १९९८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूला इजा झाल्यामुळे ज्यांच्या डोक्यात नवी आठवण टिकतच नाही, असे दोन रुग्ण त्यांनी घेतले. दुपारी त्यांच्यापुढे जेवण ठेवलं. ते जेवले, ताट उचललं गेलं. दहा ते तीस मिनिटांनी तसंच भरलेलं ताट पुन्हा आणून ठेवलं आणि जेवायला बसा म्हणून सांगितलं. ते पुन्हा जेवले. मग तिसरं ताट आलं. बहुतेक वेळा त्यांनी तेही खायला सुरुवात केली.

पोट तर भरलेलं होतं. जठराच्या भिंती ताणल्या गेल्या होत्या, आतड्यांतून संदेश निघाले असणार. पण ‘मी आत्ताच जेवलोय’ ही गोष्ट जिथे नोंदवली जाते ती वहीच त्यांच्याकडे कोरी होती. आपण ज्याला पोट भरणं म्हणतो त्यातला केवढा तरी भाग पोटाबाहेर घडतो. आपण कधी जेवलो, ताटात किती होतं, ते संपलं का, समोर आणखी काही उरलंय का, हे सगळं मिळून जेवण थांबतं.

वजन उतरवण्यासाठी मिळणाऱ्या तयार डब्यांकडे मी याच प्रयोगाच्या चष्म्यातून पाहतो. आपल्याकडे पुण्या-मुंबईत फोनवरून महिन्याचं डाएट टिफिन लावता येतं. डब्यावर उष्मांकांची चिठ्ठी असते. अमेरिकेत हा धंदा पन्नास वर्षं जुना आहे. न्यूट्रीसिस्टिम ही कंपनी १९७२ची. जेनी क्रेग १९८३ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला सुरू झाली आणि मग अमेरिकेत पसरली. मोजून भरलेली, सीलबंद पाकिटं घरी येतात, मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची आणि तेवढंच खायचं. पैसे भरण्याआधी प्रत्येकाला पडणारा प्रश्न एकच असतो: याने वजन उतरतं का?

उतरतं. सिंथिया थॉमसन, चेरिल रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१०मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. जास्त वजनाच्या ४४२ स्त्रियांवर दोन वर्षं हा अभ्यास चालला. जेनी क्रेगची पाकिटं आणि समोरासमोर सल्ला मिळालेल्यांचं वजन दोन वर्षांनी सरासरी ७.४ किलोंनी कमी होतं, फोनवरून सल्ला घेणाऱ्यांचं ६.२ किलोंनी. नेहमीचा सल्ला मिळालेल्या स्त्रियांचं दोन किलोंनी. या क्षेत्रात दोन वर्षं टिकलेले सात किलो म्हणजे चांगलाच निकाल. फक्त एक बारीकशी गोष्ट लक्षात ठेवायची, की त्या बायकांना पाकिटं फुकट मिळत होती. बाजारात ती कुणी फुकट देत नाही.

पण खरं नवल आहे ते वजन उतरण्याच्या कारणात. डब्यात असं काय असतं जे घरच्या पोळी-भाजीत नसतं?

याचं उत्तर शोधायला न्यूयॉर्कच्या एका संशोधनाकडे जावं लागतं. १९९२ साली स्टीव्हन लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी अशी दहा माणसं निवडली, ज्यांचं म्हणणं होतं की आम्ही दिवसाला १२०० उष्मांकांच्याही आत खातो, तरी वजन हलत नाही. आपल्या ओळखीतही असं म्हणणारी माणसं असतात. कदाचित आपणच असतो. सगळ्यांना वाटत होतं की शरीराची चयापचयाची चक्रं मंद असणार.

हे तपासायची रीत फार सुंदर आहे. माणसाला खास पाणी प्यायला देतात. त्यातला हायड्रोजनही नेहमीपेक्षा जड आणि ऑक्सिजनही जड, शरीराला मात्र दोन्ही निरुपद्रवी. जड हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो फक्त पाण्यावाटे: लघवी, घाम, श्वासातली वाफ. जड ऑक्सिजनला मात्र दोन वाटा असतात, पाण्याची आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची. दोन आठवडे लघवीचे नमुने घेत राहायचं. ऑक्सिजन जेवढा अधिक वेगाने कमी होतो, तेवढा फरक म्हणजे उच्छ्वासातून गेलेला कार्बन डायऑक्साइड. त्यावरून शरीराने किती इंधन जाळलं ते कळतं, आणि वजनातला बदल हिशोबात धरला की किती खाल्लं तेही कळतं. माणूस घरी राहतो, कामावर जातो, चोरून काही खायचं तर खातो. हिशोब त्याच्या लघवीत लिहिला जातो. मिनेसोटात नेथन लिफ्सन यांनी १९५०च्या दशकात ही युक्ती काढली, पण जड ऑक्सिजन इतका महाग होता की माणसांवर ती वापरायला १९८२ उजाडलं.

लिक्टमन यांच्या दहाही जणांची चयापचयाची चक्रं ठणठणीत निघाली. ते सांगत होते त्यापेक्षा प्रत्यक्षात खूप जास्त खात होते. नोंदीत सरासरी ४७ टक्के उष्मांक गायब होते, आणि व्यायाम ५१ टक्के फुगवून लिहिला होता. ही माणसं लबाड होती असं मला वाटत नाही. खाल्लेलं मोजणं हे डोळ्यांना जमणारं कामच नाही. आपल्याच स्वयंपाकघरात बघा. फोडणीसाठी बाटली तिरकी केली की मोठा चमचाभर तेल सहज पडतं. चौदा ग्रॅम तेल म्हणजे साधारण १२० उष्मांक, म्हणजे जवळपास एक पोळी. भाजी खाल्ल्यावर ‘आज एक पोळी जास्त झाली’ असं कोण म्हणतं? त्यात भाजी ढवळताना चाखलेला चमचा, मुलाच्या ताटात उरलेला अर्धा पराठा, चहाबरोबरची दोन बिस्किटं. कुणाच्याही वहीत हे चढत नाही.

बरं, डोळ्यांना ताटातला फरक तरी कळतो का? पेन स्टेट विद्यापीठाच्या बार्बरा रोल्स यांनी २००२ साली तेही पाहिलं. लोकांना मॅकरोनी-चीज जेवायला बोलावलं, कधी ५०० ग्रॅम वाढलं, कधी त्याहून जास्त, १००० ग्रॅमपर्यंत. हवं तेवढं खा, राहिलं तर राहू द्या. सर्वात मोठ्या वाढपाच्या दिवशी लोकांनी सर्वात लहान वाढपापेक्षा ३० टक्के जास्त उष्मांक खाल्ले. आणि गंमत म्हणजे वाढप दर वेळी वेगळं होतं हे निम्म्याहून अधिक लोकांच्या लक्षातही आलं नाही. आग्रह करकरून वाढणाऱ्या आपल्या पंगतींबद्दल इथे काही न बोललेलंच बरं.

आता डब्याचं काम कळायला लागतं. त्यात औषध नसतं, चरबी जाळणारा कुठलाही पदार्थ नसतो. बाटली तिरकी करणारा हात आणि ताट वाढणारी पळी या दोघांनाही तो सुट्टी देतो. किती खायचं हा प्रश्न कारखान्यात सुटलेला असतो.

शिवाय आणखी एक गोष्ट घडते, ती सैन्याला फार आधी कळली होती. १९८३ साली हवाई बेटांवर अमेरिकी सैनिकांच्या एका तुकडीला ३४ दिवस फक्त पाकिटबंद शिधा दिला. पाकिटांत दिवसाला साडेतीन हजारांहून जास्त उष्मांक होते. सैनिकांनी त्यातला बराचसा भाग खाल्लाच नाही, आणि गरम ताजं अन्न मिळणाऱ्या तुकडीपेक्षा त्यांचं वजन जास्त घटलं. अन्न वाईट आहे अशी त्यांची तक्रार नव्हती! मग तीच पाकिटं कॉलेजच्या मुलांना टेबलावर, ताटात काढून ४५ दिवस दिली. मुलांनी व्यवस्थित खाल्लं आणि त्यांचं वजन फारसं बदललं नाही. पाकीट तेच, फरक होता तो टेबलाचा, ताटाचा आणि निवांतपणाचा. उघड्यावर पाकीट फाडून खाणाऱ्याला दुसरा घास घ्यायची ओढ कमी. वजन उतरवणाऱ्याच्या हे पथ्यावर पडतं. सैन्याच्या दृष्टीने मात्र ती डोकेदुखी होती.

एवढ्यावर कुणालाही वाटेल की चला, डबा लावून टाकू. इथे रीना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांचा १९९६चा प्रयोग आडवा येतो. माझ्या मते या विषयावर एकच संशोधन वाचायचं असेल तर हे वाचावं. १६३ स्त्रियांचे चार गट केले. आहार, व्यायाम, सवयी यांचं नेहमीचं प्रशिक्षण चारही गटांना मिळालं. पहिल्या गटाला तेवढंच. दुसऱ्या गटाला त्याशिवाय आठवड्याच्या जेवणाचा आराखडा आणि वाणसामानाची यादी. तिसऱ्या गटाला आराखडा आणि प्रत्यक्ष अन्नही, पण खर्च अर्धा त्यांचा. चौथ्याला सगळं अन्न फुकट.

२६ आठवड्यांनी पहिल्या गटाचं वजन सरासरी आठ किलोंनी उतरलं होतं. फुकट अन्न मिळालेल्यांचं ११.४ किलोंनी, अर्धे पैसे भरणाऱ्यांचं ११.७. आणि नुसती यादी मिळालेल्या स्त्रियांचं १२ किलोंनी.

यादीवाल्या बायका स्वतः बाजारात गेल्या, स्वतः पैसे दिले, स्वतः शिजवलं, आणि अन्न घरपोच मिळालेल्यांच्या जराही मागे राहिल्या नाहीत. म्हणजे काम अन्न करत नव्हतं, आधीच घेतलेला निर्णय करत होता. रविवारी सकाळी पोट भरलेलं असताना ‘मंगळवारी रात्री मुगाचं धिरडं, दोन, आणि कोशिंबीर’ असं ठरवणं सोपं असतं. मंगळवारी रात्री नऊला, ऑफिस आणि ट्रॅफिक करून आल्यावर, हातात फोन असताना तोच निर्णय घ्यायचा म्हटलं तर आपण वेगळीच माणसं असतो. यादी त्या रात्रीच्या माणसाला विचारतच नाही. जे यादीत नाही ते घरात नाही.

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवायची पद्धत घरोघरी पोचली, तिच्या वैद्यकीय बाजूवर डॉक्टरांत वाद आहेत आणि ते असू देत. पण लाखो लोकांना ती जमली याचं एक साधं कारण मला हेच दिसतं: चार वाजता फरसाण खायचं की नाही हा प्रश्नच ती विचारू देत नाही. त्यासाठी डबा विकत घ्यावा लागत नाही.

डब्याचे दोषही सांगायला हवेत. बोस्टनच्या टफ्ट्‌स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली दुकानातली गोठवलेली तयार जेवणं आणली, त्यांचे उष्मांक प्रत्यक्ष मोजले. या मापनासाठी अन्न वाळवून, दळून त्याची गोळी करतात, पोलादी भांड्यात शुद्ध ऑक्सिजन भरून ती ठिणगीने पेटवतात आणि भोवतीचं पाणी किती तापलं ते बघतात. पाकिटावर लिहिल्यापेक्षा सरासरी ८ टक्के जास्त उष्मांक निघाले. हॉटेलांतल्या पदार्थांत ही तफावत १८ टक्के होती, म्हणजे पाकीट त्या मानाने प्रामाणिक. चव राखण्यासाठी घातलेलं मीठ हा दुसरा मुद्दा. रक्तदाब असणाऱ्याने लेबलवरचं सोडियम आधी वाचावं, उष्मांक नंतर.

तिसरा दोष जास्त गंभीर आहे. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस जणांना महिनाभर इस्पितळात ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. वाढलेल्या अन्नातली साखर, चरबी, चोथा, उष्मांक सारखे. हवं तेवढं खायची मुभा. प्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती. मोजलेल्या पाकिटात ही ओढ दबून राहते, कारण पाकीट संपतं. दुसरं पाकीट फोडायची सवय लागली, की सगळं मुसळ केरात.

आणि महिन्याचे पैसे भरणं थांबलं की काय? विंग यांच्याच प्रयोगात वर्षभरानंतर पुन्हा वजनं केली तेव्हा सगळ्याच गटांनी बरंच परत मिळवलं होतं: पहिल्या गटाकडे ३.३ किलोंची घट उरली होती, बाकीच्या तिघांकडे साडेसहा ते साडेसात किलोंची. ज्याने सहा महिने नुसती पाकिटं फोडली त्याला वाटीभर भात केवढा दिसतो हे शिकायची वेळच आलेली नसते. कंपनीचाही भरवसा नाही. खुद्द जेनी क्रेगने २०२३च्या मे महिन्यात अमेरिकेतली दुकानं एकाएकी बंद केली.

तेव्हा डबा लावायचा तर दोन-तीन महिन्यांसाठी लावावा, ज्यांना स्वयंपाकाला खरोखर वेळ नाही आणि खिशाला परवडतं त्यांनी. तो आला की सरळ तोंडाला लावू नये. आपल्या रोजच्या ताटात काढून, वजनकाट्यावर ठेवून, भात किती, उसळ किती हे डोळ्यांत साठवावं. बाकीच्यांनी पैसे वाचवावेत, रविवारी कागद-पेन घेऊन आठवड्याची जेवणं आणि वाणसामानाची यादी लिहावी, तेलाची बाटली बाजूला ठेवून फोडणीला मोजून चमचा घ्यावा. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर दोन्हींपैकी काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. खाणं एकदम घटलं आणि डोस तोच राहिला, तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते.