जुन्या जीपला नवे ब्रेक

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंजी (मोठी) लागते. कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणारा, काळ्या मातीचा हा मुलूख. 'काळीपिवळी' म्हटले की मुंबईकराला टॅक्सी आठवते. विदर्भात मात्र गावोगावची माणसे तालुक्याला पोचवणारी जीप डोळ्यांपुढे येते. या भागात जीप कधीच केवळ हौसेची गाडी नव्हती. तिने बियाण्याची पोती वाहिली, वरात नेली, बाळंतिणीला दवाखान्यात पोचवले. त्यातल्या ज्या जुन्या महिंद्रा जीप अजून चालत्या आहेत, त्यांचे मालक त्या विकायला तयार नसतात. इंजिन बदलतात, हूड नवे शिवून घेतात, रंग देतात. ब्रेककडे मात्र बहुधा शेवटी लक्ष जाते, आणि लक्ष गेले की प्रश्न येतो तो एकच: चारही चाकांचे ड्रम काढून पुढे डिस्क बसवावी का? माझे उत्तर 'हो' आहे. पण डिस्क ही या कामातली पहिली पायरी नव्हे, आणि ती तशी समजली गेली तर हे काम धोक्याचे ठरू शकते.

या जीपचे मूळ १९४१च्या विलीज एमबीत आहे. ६० अश्वशक्तीचे इंजिन, ८० इंचांचा व्हीलबेस आणि चारही चाकांना ९ इंची हायड्रॉलिक ड्रम ब्रेक. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली, पुढे त्या इथेच बनू लागल्या आणि सीजे-३बीपासून एमएम-५४०पर्यंत अनेक नावांनी त्या खेड्यांत पोचल्या. आकार वाढला, पेट्रोलच्या जागी डिझेल आले, ड्रमही मोठे झाले. पण ब्रेकची मूळ कल्पना दीर्घकाळ तीच राहिली. ती चुकीची नव्हती. चिखलातून, शेताच्या बांधावरून, ताशी तीस-चाळीस किलोमीटरने जाणाऱ्या हलक्या गाडीसाठी तो हिशेब बरोबर होता. बदलला तो रस्ता. आज त्याच वर्धा जिल्ह्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो, साधे राज्यरस्तेही रुंद आणि गुळगुळीत झाले आहेत, आणि पुढे धावणाऱ्या मोटारीला डिस्क आणि एबीएस आहे. ती मोटार जेवढ्या अंतरात थांबेल तेवढ्यात मागच्या जीपलाही थांबावे लागते.

ड्रम ब्रेकवर टीका करण्याआधी त्याची खुबी समजून घ्यायला हवी, कारण बदलातल्या निम्म्या चुका ती न समजल्याने होतात. चाकासोबत फिरणाऱ्या भांड्याच्या आत दोन ब्रेक शू असतात. पेडल दाबले की व्हील सिलिंडर त्यांना बाहेर ढकलतो आणि लायनर ड्रमला घासतो. फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढू पाहतो, त्या ओढीने शू आणखी घट्ट दाबला जातो, म्हणजे चालकाने लावलेला जोर ब्रेक स्वतःच वाढवतो. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसतानाही जुनी जीप पायाच्या जोरावर थांबते ती यामुळेच. पण हीच खुबी उलटते. जरा तेल लागले, जरा ओल आली, एका बाजूचे सेटिंग सैल राहिले, की दोन चाकांतला फरकही तसाच वाढतो आणि गाडी एका बाजूला ओढते. नाल्यातून जीप बाहेर काढली की पहिल्या दोन-चार वेळा ब्रेक लागतच नाहीत, आणि मग एकाच चाकाचा अचानक लागतो, हा पावसाळ्यातला सगळ्यांच्या परिचयाचा प्रकार आहे. ड्रममध्ये शिरलेल्या पाण्याला आणि काळ्या चिखलाला बाहेर पडायला वाट नसते. डिस्क उघडी असते. ती पाणी झटकते आणि पॅड उरलेले पुसून काढतात.

दुसरा शत्रू उष्णता. माणसांसह दीड हजार किलोची जीप ताशी ८० किलोमीटरवरून थांबवली तर सुमारे ३७० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. साधे लिटरभर पाणी उकळीला आणायला याहून कमी ऊर्जा लागते, आणि इथे ती चार-पाच सेकंदांत मुरवायची असते. वेग निम्मा, म्हणजे ४० असेल तर हीच ऊर्जा एक चतुर्थांश होते. जीपच्या जन्मकाळाच्या आणि आजच्या वेगांत एवढे अंतर आहे. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि लायनरपासून दूर जातो. लायनरची पकडही तापल्यावर घटते. पेडल खाली खाली जाऊ लागते. घाटात किंवा भरल्या गाडीत एकामागून एक ब्रेक मारावे लागले की हे घडते. डिस्क तापून फुगली तर पॅडच्या दिशेने फुगते, आणि दोन्ही बाजूंनी वाऱ्याला मोकळी असल्याने लवकर थंड होते.

हा धडा जगाने हळूहळू घेतला. फ्रेडरिक लँचेस्टरने इंग्लंडमध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते, पण त्या काळाचे धुळीचे रस्ते आणि तांब्याचे पॅड यांमुळे ती कल्पना बाजूला पडली. १९५३ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या जग्वार सी-टाइपने जिंकली, १९५५ मध्ये सित्रोएन डीएसने डिस्क सामान्य ग्राहकापर्यंत नेल्या. अमेरिकेत मात्र इंजिन पुढे पळाले आणि ब्रेक मागे राहिले. १९६४च्या पॉन्टियॅक जीटीओचे इंजिन ३२५ अश्वशक्तीचे होते, आणि ड्रम अवघे साडेनऊ इंची. त्या काळाच्या 'मसल कार' आज जपणारे लोक पहिल्यांदा पुढचे ड्रम काढून डिस्क बसवतात, ते याच विषमतेमुळे. आपल्या जीपमध्ये मूळ इंजिन एवढे ताकदवान नव्हते. पण साठ अश्वशक्तीच्या जागी आधुनिक डिझेल इंजिन बसवले आणि ब्रेक तसेच ठेवले की तीच विषमता आपण आपल्या हाताने तयार करतो.

आता मूळ मुद्दा. जुन्या जीपचा सर्वांत मोठा दोष ड्रम नाही, मास्टर सिलिंडर आहे. तो एकेरी असतो: एकाच दट्ट्याने चारही चाकांना ब्रेक ऑईलचा दाब जातो. एका चाकाचा होज फुटला, एका व्हील सिलिंडरचे रबर गेले, की चारही ब्रेक एकदम जातात. दुहेरी मास्टर सिलिंडरमध्ये पुढचा आणि मागचा मार्ग वेगळा असतो. एक गेला तरी दुसरा गाडी थांबवतो. म्हणून पैसे थोडेच असतील तर ते आधी दुहेरी मास्टर सिलिंडर, नव्या ब्रेक लाइनी आणि नव्या होजवर खर्च करावेत, डिस्कवर नव्हे. चकाकणारी डिस्क चाकातून दिसते, दुहेरी सिलिंडर दिसत नाही. पण माणसे वाचवण्याचे काम आधी तोच करतो.

डिस्क बसवताना खरे कौशल्य लागते ते दाबाच्या हिशेबाला. डिस्क स्वतःचा जोर वाढवत नाही, म्हणून तिला ड्रमपेक्षा बराच जास्त दाब हवा. तो दोन वाटांनी मिळतो. मास्टर सिलिंडरचा व्यास एक इंचावरून सात-अष्टमांश इंचावर आणला तर तेवढ्याच पायाच्या जोरात दाब सुमारे ३० टक्के वाढतो, पण पेडलही तेवढेच जास्त खाली जाते. आणि डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचे दट्टे मोठे असल्याने त्यांना तेलही जास्त लागते. म्हणून बहुधा दुसरी वाट, म्हणजे व्हॅक्यूम बूस्टर लागतो. पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेलमध्ये तो तसा मिळत नाही, त्यासाठी वेगळा पंप हवा, आणि आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत तो ऑल्टरनेटरलाच जोडलेला असतो. पंपाशिवाय बूस्टर जोडलेली डिझेल जीप थांबवताना पायाला दगड दाबल्यासारखे वाटेल. आणखी एक बारकावा, जो नेहमी सुटतो: मूळ जीपचा मास्टर सिलिंडर फरशीखाली, चाकांच्या ब्रेकपेक्षा खालच्या पातळीवर असू शकतो. तिथे कॅलिपरमधले तेल मागे उतरू नये म्हणून २ पीएसआयचा वाल्व लागतो. ड्रमच्या लाइनीत असा वाल्व १० पीएसआयचा असतो. तोच डिस्कच्या लाइनीत राहून गेला तर पॅड सतत घासत राहतात, डिस्क लाल होते आणि दोष कॅलिपरला दिला जातो.

सुटे भाग मिळणे इथे अवघड नाही, हे आपले भाग्य. २०००मध्ये आलेल्या बोलेरोला आणि मारुती जिप्सीला पुढे डिस्क आहेत, आणि जीप, बोलेरो, जिप्सी या तिघींच्या चाकांचे पाच बोल्ट साडेपाच इंचांच्या वर्तुळावर बसतात. सोळा इंची रिममध्ये कॅलिपरला जागाही मिळते. पण चाक बसले म्हणजे ब्रेक बसला असे नाही. ब्रेक शू धरणारी बॅकिंग प्लेट काढून त्याच जागी कॅलिपरचा ब्रॅकेट बसवायचा असतो, आणि गाडी थांबवण्याचा सगळा जोर त्या ब्रॅकेटवर येतो. गॅसने कापलेल्या पट्टीला वेल्डिंग मारून हे काम करणे अक्षम्य आहे. जाड प्लेट मशीनवर घासून, हाय टेन्साइल बोल्टांनी, डिस्क कॅलिपरच्या बरोबर मध्ये येईल असे ते व्हायला हवे.

मागे डिस्क बसवण्याचा आग्रह मी धरणार नाही. ८० इंचांच्या व्हीलबेसवर गुरुत्वमध्य दोन फूट उंच धरला आणि जोरात ब्रेक मारला, तर गाडीचे जवळपास एक पंचमांश वजन मागून पुढे सरकते. मागची चाके हलकी होतात. पुढच्या डिस्कसाठी वाढवलेला दाब तसाच मागे गेला तर ती आधी जाम होतात, आणि आखूड जीप क्षणात आडवी फिरते. म्हणून मागे मूळ ड्रम ठेवावेत आणि त्यांच्या लाइनीत दाब कमी-जास्त करणारा वाल्व घालावा.

यावर विचारी माणूस म्हणेल की ट्रक आणि एसटी वर्षानुवर्षे ड्रमवर चालल्या. खरे आहे. पण त्यांच्या ड्रमचा आकार, त्यांना दाबणारी हवेची ताकद आणि इंजिनच्या अडथळ्याने वेग उतरवण्याची सोय यांची तुलना ९ इंची भांड्याशी होत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जो ब्रेक चाक जाम करू शकतो तो पुरेसा, पुढचे काम टायरचे. थंड, कोरड्या ड्रमच्या पहिल्या ब्रेकला हे लागू पडते. पाचव्या ब्रेकला, किंवा नाल्यातून बाहेर पडल्यावर, नाही. उत्तम सेट केलेला ड्रम चांगला थांबवतो. पण ते सेटिंग दर काही दिवसांनी कोण करणार? कामाच्या गाडीला अशी निगा मिळत नाही, आणि ब्रेकची निवड मिळणारी निगा पाहूनच करायला हवी. ट्रॅक्टरच्या बाबतीत शेतकऱ्याने हा निर्णय आधीच घेतला आहे: तो 'ऑईल ब्रेक' मागतो, म्हणजे तेलात बुडालेल्या डिस्क, कारण चिखल आत जात नाही आणि वारंवार हात लावावा लागत नाही.

मूळपणाचा आक्षेप मला मान्य आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी दिली; चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही, आणि ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. अशी जीप जपायची असेल तर ड्रम राहू द्यावेत. जी रोज माणसे घेऊन धावते तिच्याबाबत मूळपणापेक्षा माणूस मोठा. मात्र मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मालकाला मनाजोगा बदल करायची मोकळीक देत नाहीत. म्हणून एमएच-३२ची पाटी असलेल्या मालकाने काम सुरू करण्याआधीच वर्ध्याच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारावे, काढलेले ड्रम आणि बॅकिंग प्लेट ग्रीस लावून जपावेत, आणि कापाकापी न करता, परत फिरवता येईल असेच काम करून घ्यावे.

काम करणाऱ्या मिस्त्रीची काळजीही यात येते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे. ड्रम उघडल्यावर ती धूळ तोंडाने किंवा कम्प्रेसरने उडवणे म्हणजे ती फुप्फुसात घेणे. ती ओल्या फडक्याने पुसावी. एअर काढून झाली, पेडल कडक लागले, की लगेच हमरस्त्यावर जाऊ नये. मोकळ्या, सपाट जागेत, कुणी आजूबाजूला नसताना, आधी ताशी तीसवरून मग चाळीसवरून जोरात ब्रेक मारावा आणि खाली उतरून मातीवरच्या खुणा पाहाव्यात. पुढच्या चाकांच्या घसटीच्या रेषा आधी सुरू झालेल्या दिसल्या पाहिजेत, दोन्ही बाजूंना सारख्या. मागच्या आधी दिसल्या तर वाल्वने मागचा दाब आणखी कमी करावा आणि पुन्हा तेच करावे.