इटलीच्या शेवया आणि आपला सब्जा



वैशाख लागला की आपल्याकडे वाळवणांची धांदल उडते. अंगणात बाजा पडतात, त्यांवर जुनी लुगडी अंथरतात. एकीकडे कुरडया, एकीकडे पापड, आणि आडव्या काठीवर लोंबणाऱ्या शेवया. शेजारणी एकमेकींच्या घरी हात लावायला जातात. अशीच हकिगत समुद्रापलीकडची आहे. इटलीत नेपल्स शहराजवळ ग्रान्यानो नावाचं गाव आहे. एके काळी या गावच्या रस्त्यांवर दुतर्फा काठ्या मांडून लांबच लांब शेवया वाऱ्यावर वाळत घालीत. आता ते काम यंत्रं करतात. या शेवयांना तिकडे ‘पास्ता’ म्हणतात.

तुम्ही म्हणाल, इटलीचं जेवण आम्हांला कशाला? कारण हे की, पास्त्याची पाकिटं आता तालुक्याच्या दुकानांत आली आहेत. पोरं हट्ट धरतात, आणि आईला वाटतं, हा मैद्याचा खाऊ. पैसे जातील आणि पोटही बिघडेल. आईची शंका अर्धी खरी आहे. ती पुरती समजून घेतली, तर पैसे कुठे टाकायचे आणि कुठे नाही, हे आपल्यालाच कळेल.

इटलीत १९६७ साली एक कायदा झाला. वाळवून विकायचा पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा, असं त्यात ठरलं, आणि तो दंडक आजही पाळला जातो. हा ड्युरम म्हणजे कोण? तो आपला बन्सी गहू! जिरायतीत येणारा, टणक, पिवळसर दाण्याचा. आपल्या आजीनं शेवयांसाठी बन्सी निवडला आणि इटलीच्या आजीनंही तोच निवडला. दोघींचा अनुभव एकच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं बन्सीचे ‘एमएसीएस ४०२८’ सारखे सुधारलेले वाणही काढले आहेत.

तेव्हा पाकीट घेताना त्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. ‘ड्युरम गव्हाचा रवा’ असं लिहिलेलं असेल तर तो खरा पास्ता. नुसता मैदा असेल तर तो शिजताना लवकर गिजगा होतो. त्यापेक्षा घरच्या बन्सीच्या जाड शेवया केव्हाही बऱ्या.

हे असं का होतं? शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक सोपा प्रयोग करून दाखवावा. मूठभर मैद्याचा घट्ट गोळा मळून अर्धा तास ठेवावा. मग वाडगाभर पाण्यात तो हळूहळू चोळावा. पाणी दुधासारखं होतं. तो झाला पिष्ट पदार्थ. त्यात टिंक्चर आयोडिनचा एक थेंब टाकला की पाणी काळंनिळं होतं. हातात उरतो तो रबरासारखा चिवट गोळा, म्हणजे गव्हातली प्रथिनं. आता ज्वारीचं पीठ घेऊन पाहा. हातात काही उरत नाही. म्हणून भाकरी थापावी लागते आणि ज्वारीची शेवई ओढता येत नाही. कोकणातल्या तांदळाच्या शिरवाळ्यासुद्धा पीठ आधी शिजवून मग साच्यातून काढतात, त्याचं कारणही हेच.

हा चिवटपणा म्हणजे एक जाळं. शेवई उकळत्या पाण्यात पडली की हे जाळं घट्ट होतं आणि आतला पिष्ट पदार्थ धरून ठेवतं. बन्सीत हे जाळं दाट असतं, म्हणून शेवई मोकळी राहते. पाणी कोमट असताना टाकली, तर जाळं घट्ट होण्याआधीच पीठ सुटतं आणि सगळा लगदा होतो.

आता उन्हाळी पदार्थाकडे वळू. नेपल्सच्या दक्षिणेला, समुद्रकाठी नेरानो नावाची कोळ्यांची वस्ती आहे. तिथला पास्ता प्रसिद्ध आहे. त्यात घालतात झुकिनी, म्हणजे काकडीसारखा दिसणारा कोवळा हिरवा भोपळा. भोपळ्याची ही जात मूळची अमेरिकेतली. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचल्यानंतर ती युरोपात आली. आपला लाल भोपळाही त्याच घराण्यातला पाहुणा. झुकिनी आता पुण्याच्या आसपासही पिकते. ती नच मिळाली तर कोवळा दुधी किंवा शिरा तासलेला दोडका घ्यावा. चव निराळी होईल, पण रीत तीच.

दुसरी वस्तू बेसिलची ताजी पानं. हे नाव परकं वाटेल, पण ज्याचं बी आपण उन्हाळ्यात भिजवून सरबतात घालतो, तो सब्जा म्हणजेच हे झाड. इटलीतल्या वाणाचं पान रुंद असतं, आपल्या सब्ज्याचं लहान आणि वासाला उग्र, म्हणून थोडं कमी घ्यावं. गजऱ्यातला मरवाही इटलीच्या स्वयंपाकघरात असतो, तोही चिमूटभर चालेल.

चार माणसांसाठी साडेतीनशे ग्रॅम पास्ता, सहाशे ग्रॅम झुकिनी, लसणाच्या दोन पाकळ्या, मूठभर पानं, शंभर ग्रॅम किसलेलं चीज आणि तळण्यापुरतं तेल घ्यावं. झुकिनी सोलू नये. पातळ चकत्या करून फडक्यानं कोरड्या कराव्यात आणि थोड्या थोड्या तेलात टाकून सोनेरी होईपर्यंत तळाव्यात. मीठ आधी लावू नका, पाणी सुटतं. तळून झाल्यावर मीठ आणि निम्मी पानं घालून पाव तास झाकून ठेवावं.

दर शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ, हे इटलीचं माप. पाणी खळखळून उकळलं की पास्ता टाकावा आणि पहिली दोन मिनिटं ढवळावा. पाण्यात तेल घालायची गरज नाही. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढावा. घरच्या शेवया असतील तर दोन-तीन मिनिटांतच पाहाव्यात. वर गार पाणी ओतून धुऊ नये.

आता खरी खुबी. कढईत चमचाभर तेलावर ठेचलेला लसूण परतावा, त्यात झुकिनी, मग पास्ता आणि उकळीचं दोन पळ्या पाणी घालावं. त्या पाण्यातल्या पिठामुळे तेल आणि पाणी एकजीव होतं आणि दाटसर रस होतो. भांडं खाली उतरवून मगच चीज मिसळावं. विस्तवावर ठेवलंत तर त्याच्या गाठी होतात. उरलेली पानं शेवटी हातानं तोडून घालावीत, कारण त्यांचा सुवास उडून जाणारा असतो. चीज नसेल तर कुस्करलेलं पनीर चालेल. उरलेलं पाणी खारट असतं, ते झाडांना घालू नका. आमटीत वापरा आणि मिठाचा हात आखडता घ्या.

आणि आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. झुकिनी असो, दुधी असो की दोडका, चिरताना कच्चा तुकडा जिभेच्या टोकाला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि ते फळ फेकून द्यावं. या कुळातल्या कडू फळांत विषारी द्रव्य असतं आणि ते शिजवल्यानं जात नाही. कडू दुधीचा रस पोटात जाऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. कडू ते औषधी, हा समज इथे घातक आहे. घरी धरलेल्या बियाण्याचा रानटी वेलाशी संकर झाला असेल तर असं कडू फळ निघू शकतं. खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करीत न बसता तडक दवाखाना गाठावा.

तर मंडळी, परदेशी पदार्थ म्हणून भुलायला नको आणि बिचकायलाही नको. गहू आपला बन्सी, पान आपल्या सब्ज्याचं आणि फळ भोपळ्याच्या कुळातलं. या उन्हाळ्यात शेवया करायला बसाल, तेव्हा दोन मुठी जाड शेवया या पदार्थासाठी बाजूला ठेवा. आणि फळ चिरायला घेताना जिभेला विचारायला विसरू नका.